उभ्या पावलांची वाट

१

“बाय, पोरीला तितं सोडू नगं. तितली भुई पोकळ हाय.”

चिमाबाईनं हे सांगितलं तेव्हा चंपा हसली होती. पुढं कितीतरी दिवस ते आपलंच हसू आठवलं की तिला घास गिळवत नसे.

१९६४ सालचा पौष होता. लोहगडवाडीच्या वरच्या अंगाला कड्यात एक रुंद कपार आहे. तिच्या तळाशी राखाडी चिखल वाळून दगडासारखा झालेला, आणि त्या चिखलात माणसांची पावलं. अनवाणी, बोटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. पुण्याहून प्रोफेसरसाहेब आले, त्यांनी कुंचल्यानं ती जमीन झाडून काढली आणि सांगितलं की ही माणसं सात-आठ हजार वर्षांपूर्वी इथून चालत गेली. मग त्यांनी वाडीवरच्या ठाकर आदिवासींना बोलावलं. हरवलेल्या म्हशीचा माग काढावा तर चिमाबाईनं आणि तिच्या मुलानं, बहिरूनं, हे सगळ्या मावळाला माहीत होतं. ती दोघं पावलं वाचणार आणि त्यांचं बोलणं चंपा वहीत उतरवणार, असं ठरलं.

चंपा परंदवडीची, पुण्यात राहून बी. ए. झालेली. नवरा हनुमंत मळवलीला रेल्वेत. वाडीची भाषा तिला घरची आणि पुस्तकाची कॉलेजातली, म्हणून साहेबांनी तिला नेमलं. दीड वर्षाची छबू डाव्या कडेवर आणि वह्यांची पिशवी उजव्या खांद्यावर घेऊन ती रोज चढून यायची. चढताना दर शंभर पावलांवर छबूच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप नसायचा. तरी बघायची.

कपारीच्या मधोमध खाटेएवढी जागा अगदी कोरी होती. पावलं तिच्याभोवती फिरलेली, आत मात्र एकही नाही.

“नृत्याचं रिंगण,” साहेब म्हणाले. पुण्याच्या एका नियतकालिकात त्यांनी तसं छापूनही आणलं होतं.

चिमाबाई उकिडवी बसून बघत होती. “नाच कसला, सायेब? नाचनारा चवड्यावर आसतो. ह्ये समदे टाचंवर हायेत. भ्यालेलं माणूस मागं रेलून चालतं.” मग तिनं कोऱ्या जागेच्या काठावर बोट ठेवलं. “ह्ये बगा ल्हान पाऊल. ह्ये पोर आत गेलं. आन् ही बाई हितं पालथी पडली. ह्ये ढोपर, ह्ये दोन हात. पोराला धराया गेलीया.”

साहेब हसले आणि हातातली काठी टेकत पुढं गेले. बरोबर तीस इंचांची काठी होती ती. “माणसाचं सरासरी पाऊल, चंपाबाई,” ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

तेवढ्यात छबू चंपाच्या पदराखालून निसटली आणि दुडुदुडु रिंगणाकडे निघाली. चिमाबाई ओरडली. नुसती ओरडली नाही, झेपावली. छबूचं झबलं धरून तिला मागं खेचताना म्हातारीचा एक पाय कोऱ्या जागेत पडला आणि तसाच चटका बसल्यासारखा मागं आला.

तेव्हा ती म्हणाली ते वर सांगितलंच.

“मावशी, खडक आहे हा,” चंपा हसत म्हणाली. “हत्ती उभा राहील.”

हसली खरी, पण वहीत लिहायला ती विसरली नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं ‘स्थानिक समजुती’ असा मथळा केला होता. त्याखाली तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘रिंगणाखाली जमीन पोकळ असल्याची समजूत. कारण सांगता येत नाही.’

कारण तर चिमाबाईनं सांगितलं होतं. टाचा, ढोपर, हात, सगळं दाखवून सांगितलं होतं.

आठ दिवसांनी सकाळी कपारीतलं ते लहान पाऊल जागेवर नव्हतं. आणि राखणीला असलेला बहिरूही नव्हता.

२

पहिल्यांदा सोपाननं बघितलं. सोपान म्हणजे साहेबांचा मदतनीस, प्लॅस्टरचे ठसे काढणारा. रोज संध्याकाळी सगळ्या पावलांवर ताडपत्री अंथरून कडेला दगड ठेवत आणि बहिरू कपारीच्या तोंडाशी घोंगडी टाकून झोपे. त्या सकाळी ताडपत्रीचा एक कोपरा उलटा पडला होता. पोराचं पाऊल होतं तिथं पाटाएवढा चौकोनी खड्डा, कडांना छिन्नीचे पांढरे ओरखडे. बहिरूची घोंगडीही गायब.

चंपा पोचली तेव्हा कपारीच्या तोंडाशी माणसं जमली होती. पोलीसपाटील दत्तोबा, ज्याच्या गवतरानाला लागून कपार होती तो भिमाजी, सोपान आणि साहेब. वाट अडवून साहेब घडीच्या स्टुलावर बसले होते.

“कुणीही आत जायचं नाही,” ते शांतपणे म्हणाले. “पुरावा आहे सगळा. लोणावळ्याला माणूस गेलाय, फौजदार उद्या सकाळी येतील. तोवर आत एक पाऊल नाही.”

चंपानं बाहेरूनच मान उंचावून बघितलं. कपार काही खोल नाही, चार खण असेल. उजेड मागच्या भिंतीपर्यंत जात होता. लपायला जागा नाही. जमिनीवर ताडपत्री पसरलेली, कडेकडेनं खालच्या उंचसखलपणावर सुरकुतलेली आणि मधोमध ताठ, इस्त्री केल्यासारखी.

“गडी ह्या वाटंनं गेला बगा,” दत्तोबा म्हणाला.

तोंडापासून फुफाट्यात पावलांची रांग निघाली होती. चढून खिंडीत, तिथून उतरून ओढ्याकडे आणि पुढं मळवलीच्या रस्त्याला. उजव्या पावलाला चारच बोटं. लाकडं फोडताना बहिरूची करंगळी गेली होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“च्यायला, चोरी करून वर सही करून गेला की!” दत्तोबा म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

“मुंबईला असल्या वस्तू घेणारे असतात,” साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. “माझा फार विश्वास होता त्याच्यावर.”

चंपाला त्यांची कीव आली. भला माणूस. छबूला खोकला झाला तेव्हा त्यांनी पुण्याहून औषधाची बाटली आणून दिली होती.

चिमाबाई वाडीवरून आली ती कुणाशी बोलली नाही. फुफाट्यातल्या रांगेशी बसली. एक पाऊल बघितलं, दुसरं बघितलं, उठून पाच-सहा पावलं पुढं जाऊन पुन्हा बसली. मग खिंडीपर्यंत चढून आली. सगळे वाट बघत होते, आता रडेल, मग रडेल.

“ह्यो माजा बहिरू न्हाई,” ती म्हणाली.

“म्हातारे, बोटं मोज की,” दत्तोबा म्हणाला.

“पाय त्येचाच हाय. पर ह्यो चालत न्हाई, पाटील. ह्यो हुबा हाय.”

३

कुणाला काही कळलं नाही. चंपालाही नाही. पण या खेपेला ती हसली नाही. वहीही तिनं उघडली नाही.

“मावशी, मला दाखवा.”

चिमाबाईनं तिला बाजूला नेऊन खाली बसवलं. “चालनारा आदी टाच रोवतो. मंग पाय पुडं कलतो. उचलताना आंगठा माती मागं ढकलतो. हितं ढकलल्याली माती दिसती का कुटं? समदा पाय येकदम खाली, येकदम वर. दर पावलाला माणूस नुसता हुबा. आन् हितं चढ हाय. चढाला पाऊल आखूड पडतं, उताराला टाच खोल जाती. ह्यो चढाला बी तसाच, उताराला बी तसाच.”

“आणि दगड घेऊन गेला म्हणतात.”

“वजन घेतल्यालं माणूस लपतंय व्हय? मागं वळून सोताची पावलं बग.”

चंपानं मागं बघितलं. फुफाट्यात तिच्या पावलांची रांग होती. डावं पाऊल प्रत्येक ठिकाणी खोल आणि किंचित बाहेर वळलेलं. डाव्या कडेवर छबू. तिनं छबूला उतरवलं, हात धरून दहा पावलं चालवलं आणि पुन्हा बघितलं. दोन्ही सारखी.

दीड वर्ष ती ही पावलं टाकत होती आणि एकदाही तिनं मागं बघितलं नव्हतं.

“आता खरा बहिरू बग,” चिमाबाई म्हणाली. कपारीच्या तोंडाशी, खोट्या रांगेच्या डाव्या हाताला, दवाचे ठिपके पडलेल्या मातीत चार बोटांची आणखी पावलं होती. ती आत जाणारी. “काल सांजची. दव पडायच्या आदीची. ही शेवटची चार चवड्यावर हायेत. धावलाय त्यो.”

“कशाला?”

“ते पावलात न्हाई. येवडं हाय, आत ग्येला. भाइर आला न्हाई.”

चंपानं पुन्हा कपारीत बघितलं. रिकामी. ताडपत्री, भिंत आणि स्टुलावर साहेब.

“मावशी, ते रिंगण...”

“न्हाई,” चिमाबाई तोडून म्हणाली. “तितं त्यो पाय ठिवनार न्हाई. म्याच सांगितलंय त्येला. आन् वर ताडपत्री सरळ हाय, भोक आसतं तर खाली बसली आसती.”

ते बरोबर होतं. तरीही माणूस धावत आत जातो आणि बाहेर येत नाही, हे कसं?

४

सोपान तंबूत ठशांची पेटी आवरत होता. चंपाला बघून त्यानं तोंड वाकडं केलं. “या वहिनी. आता माझ्यावर का? सगळे तसेच बघतायत.”

“बहिरूच्या पायाचे ठसे कुठं आहेत?”

“हे काय, सात नंबर.”

जुन्या पावलांशी ताडून बघायला साहेबांनी वाडीतल्या दहा जणांना ओल्या मातीत उभं केलं होतं आणि त्या खळग्यांत सोपाननं प्लॅस्टर ओतलं होतं. पांढरे पाय पेटीत जोडीजोडीनं ठेवले होते. चंपानं सात नंबरची जोडी उचलली. बाकीच्या सगळ्या पायांवर धुळीचा थर. हे दोन पाय लख्ख.

“हे कुणी धुतले?”

सोपाननं ते हातात घेतले, उलटे केले आणि त्याचा चेहराच उतरला. “मी नाही. देवाशपथ, वहिनी. प्लॅस्टर धुवायचं नसतं, झिजतं.”

“किल्ली कुणाकडं असते?”

“एक माझ्याकडं. एक साहेबांकडं.” तो खालच्या आवाजात म्हणाला, “मीच तो, असं वाटतंय ना तुम्हाला?”

“तू लहानपणी काय करायचास, सोपान?”

“काय करणार? नांगरामागं. बैलांच्या मागं चालून चालून पायाला घट्टे पडले.”

“चढावर माणसाचं पाऊल कसं पडतं?”

“आखूड. का?”

“काही नाही. काल संध्याकाळी फळ्या कुठं होत्या? पावलांवरून जायला टाकता त्या?”

“भिंतीला लावून उभ्या. मीच लावल्या. का, वहिनी?”

मघाशी भिंतीला फळ्या नव्हत्या. चंपानं छबूला घट्ट धरलं. छबू कुरकुरली.

भिमाजी आपल्या विहिरीवर मोट आवरत होता. आठवडाभरापूर्वी त्यानं चारचौघांत सांगितलं होतं की सरकारनं कपारीला पाटी लावली तर त्याचं गवतरान जाईल, त्यापेक्षा तो घण घालून सगळी पावलं फोडील. बहिरूशी त्यावरून हमरीतुमरीही झाली होती.

“कोन, परंदवडीची चंपी न्हवं?” तो म्हणाला. “तुजा बाप आन् मी येका तालमीत. आता बापाच्या दोस्ताला चोर ठरवाया आलीस का?”

“भिमाजीभाऊ, घण घालीन म्हणाला होतात.”

“मग घनच घातला आसता की! छिन्नीनं पाटायेवडा दगुड काडून न्यायाला मी काय सोनार हाय? मला पावलं नगत. मी येक पाऊल कशाला नीन?”

चंपाला हसू आलं असतं, एरवी. “सकाळी लवकर उठता तुम्ही. कुणी दिसलं का?”

“बहिरू न्हाई दिसला. तुजा सायेब दिसला, उजाडायला. वड्याकडनं येत हुता.” भिमाजीनं तंबाखू मळली. “आता सकाळच्या पारी वड्याला कोन कशाला जातंय ते काय सांगाया नगं. पर ह्येच्या हातात लोटाच न्हाई! पिशवी. म्हनलं, शिकल्याली मानसं लोटा पिशवीतनं नेत्यात का काय.”

तो स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. चंपाची नजर विहिरीवरच्या मोटेच्या जाड दोराकडे गेली.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुमच्या मोटेचा नाडा केवढा लांब आहे?”

५

चढताना तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. ‘कारण सांगता येत नाही.’ ती अक्षरं तिला वाचवेनात.

चिमाबाईनं म्हटलं होतं, बहिरू तिथं पाय ठेवणार नाही, त्याला ठाऊक आहे. पण स्वतः चिमाबाईला ठाऊक नव्हतं का? तरी आठ दिवसांपूर्वी तिचा पाय त्या जागेत पडलाच. छबूसाठी पडला. ज्याला ठाऊक आहे तो स्वतःसाठी पाय टाकत नाही. दुसरं कुणी तिथं उभं असेल तर धावत येऊन टाकतो.

मग काल संध्याकाळी रिंगणात उभं कोण होतं? ज्याला भुई पोकळ आहे हे पटलं नव्हतं असा कुणी. वाडीतला कुणी नव्हे.

बहिरू बेपत्ता होऊन रात्र आणि अर्धा दिवस उलटला होता. फौजदार उद्या येणार होता.

कपारीशी साहेब तसेच बसले होते. दत्तोबा विडी ओढत होता. सोपान चंपाच्या मागोमाग आला, आणि खांद्यावर नाडा टाकून भिमाजीही. कशाला ते त्याला कळलं नव्हतं, पण बाईचा चेहरा बघून तो आला.

“पाटील,” चंपा म्हणाली. आवाज कापू नये म्हणून ती मोठ्यानं बोलली. “ताडपत्री काढायला सांगा.”

“चंपाबाई,” साहेब मायेनं म्हणाले, “लहान मूल घेऊन सकाळपासून उन्हात फिरताय. दमलात तुम्ही. घरी जा.”

“साहेब, तुमची काठी द्या जरा.”

ती इतकी अनपेक्षित मागणी होती की त्यांनी काठी दिली. चंपानं ती फुफाट्यात चार बोटांच्या पावलाच्या टाचेशी ठेवली. दुसरं टोक पुढच्या टाचेवर आलं. पुढं ठेवली. पुन्हा तसंच. खिंडीच्या चढावर ठेवली, पलीकडं उतारावर ठेवली. प्रत्येक वेळी टाच ते टाच, काठी बरोबर बसली.

“तीस इंच,” ती परत येऊन म्हणाली. “सरासरी पाऊल. चढाला तेच, उताराला तेच. बहिरू तुमच्या खांद्याला लागतो, पाटील. त्याचं पाऊल एवढं पडतं का? सात नंबरचे प्लॅस्टरचे पाय कुणीतरी धुतलेत. ते बहिरूला मातीत उभा करून काढले होते, तेच फुफाट्यात दाबत नेलेत, म्हणून या वाटेवर तो दर पावलाला उभा आहे. सोपाननं हे केलं असतं तर चढाला पाऊल आखूड टाकलं असतं. भिमाजीभाऊंनी केलं असतं तरी. आपल्यातल्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. ज्यानं जन्मभर पावलं काठीनं मोजली, पण कुणाच्या मागं चालून बघितलं नाही, त्याच्याच हातून झाली.”

दत्तोबाची विडी हातातच राहिली.

“साहेब, उजाडताना पिशवी घेऊन ओढ्याला तुम्ही गेला होतात. भिंतीला लावलेल्या फळ्या आता ताडपत्रीखाली आहेत, म्हणून ती मध्ये ताठ दिसते. बहिरू धावत आत आला तेव्हा रिंगणात कोण उभं होतं?”

साहेबांनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरला.

“मी हाक मारली होती,” ते म्हणाले. “दोनदा. आतून काहीच आलं नाही. मला वाटलं, तो गेलाच.”

“मग फळ्या का टाकल्या?”

याचं उत्तर ऐकायला चिमाबाई थांबलीही नव्हती.

६

ती केव्हाच साहेबांच्या स्टुलाच्या बाजूनं आत गेली होती. सोपाननं ताडपत्री ओढली, त्यानं आणि भिमाजीनं फळ्या उचलल्या. रिंगणात दोन हात रुंदीचं भोक होतं. कडेला करवंटीएवढा जाड वाळलेला थर आणि खाली अंधार.

“जवळ जाऊ नका!” चंपा ओरडली.

चिमाबाई टाचांवर रेलून, जुन्या पावलांच्याच वाटेनं काठाशी गेली. मग ती पालथी झाली. ढोपरं टेकली, दोन्ही हात टेकले. चंपाला उभ्या उभ्या दिसलं की तिचे हात त्या जुन्या हातांच्या खळग्यांत बसले आहेत. ती बघून ठेवत नव्हती. तिथून वाकायचं तर हात तिथंच टेकावे लागतात, एवढंच.

“बहिरूऽऽ!”

काही नाही. चंपानं छबूचं तोंड दाबून धरलं, ती रडू नये म्हणून.

“आरं बहिरू, माज्या वाघा!”

खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. टक. मग थांबून, टक, टक.

भिमाजीनं नाड्याचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं सोपानच्या हाती दिलं. “सोडलास तर तुज्या बापाला येऊन सांगीन,” म्हणून तो खाली उतरला. तीन पुरुष खोल, टाक्यासारखी एक कोरडी पोकळी होती. बहिरूला वर काढेपर्यंत उन्हं कलली. त्याची मांडी मोडली होती, ओठ फुटले होते, अंगाभोवती घोंगडी होती. चोरी करून पळाला असं दिसावं म्हणून जी त्याच्यामागून खाली टाकली होती, तीच. पौषातल्या रात्री तिनंच त्याला जगवलं.

चिमाबाईनं त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं. तो डोळे मिटूनच म्हणाला, “आये, सायेब वाचला का?”

दत्तोबानं साहेबांच्या दंडाला धरलं होतं. ते खाली बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत झाकलं.

पोराचं पाऊल त्यांच्या वळकटीत सापडलं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. रविवारी बाहेरगावचे विद्वान कपार बघायला येणार होते. काठावरचं ते एवढंसं पाऊल बघितल्यावर नाचाचं रिंगण कुणी मानलं नसतं. ते काढताना बहिरूनं त्यांना बघितलं. साहेब दचकून मागं सरले ते थेट कोऱ्या जागेत. बहिरूनं धावत येऊन त्यांना बाहेर ढकललं आणि भुई त्याच्या पायाखाली गेली. पुढं खटला झाला, त्यांना शिक्षाही झाली. चंपानं साक्ष दिली आणि शेवटच्या पानावरचं ते वाक्य कोर्टात स्वतः वाचून दाखवलं.

एक गोष्ट राहिली होती. रिंगणापासून बाहेर जाणारी पावलांची एक रांग साहेबांनी ‘लंगडा पुरुष’ म्हणून नोंदली होती. बहिरूला दवाखान्यातून आणल्यावर एका दुपारी चंपा त्या रांगेशी बसली. डावं पाऊल दर वेळी खोल, किंचित बाहेर वळलेलं. तिनं ओढ्याची माती आणून पसरली, छबूला डाव्या कडेवर घेतलं आणि तीवरून चालली. मग दोन्ही रांगांशी बसून तिनं एकेक पाऊल ताडून बघितलं.

“मावशी, हा लंगडा नाही.”

“व्हय,” चिमाबाई म्हणाली. “डाव्या कडंवर हाय. गावलं तिला पोर.”

त्याला आता आठ वर्षं झाली. कपारीला लोखंडी दार लागलं. बहिरू लंगडत का होईना चालतो आणि लोणावळ्यात एका बंगल्यावर राखण करतो. महिन्यातून एकदा वाडीवर जातो. हनुमंतची बदली दौंडला झाली, दुसरं मूल पाळण्यात आहे आणि चंपाचं येणं फारसं होत नाही. चिमाबाई वाडीवर एकटीच असते. गेल्या दिवाळीत चंपा भेटली तेव्हा म्हातारीचं उजवं पाऊल मातीत घासत होतं. तिनं विचारलं, तर म्हातारी म्हणाली, “काय न्हाई गं. झिजलंय.” आणि चंपा हसली नाही, पण गाडी चुकेल म्हणून निघून आली.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी लोहगड बघायला गेलात तर चंपाचं एवढं काम करा. गडाच्या पायऱ्या लागण्याआधी डावीकडं एक पायवाट वर जाते. शेवटचं खोपट, दाराशी उंबराचं झाड. दारात मऊ माती आहे. हाक मारायच्या आधी ती माती बघा. जाणारी आणि येणारी, दोन्ही पावलं असली तर बसा, ती चहा दिल्याशिवाय सोडणार नाही. आणि आत गेलेलीच दिसली, बाहेर आलेली नसली, तर दोन हाका मारून परत फिरू नका. कुणाला विचारत बसू नका. आत जा.